नवा ४३ इंची टीव्ही, घर माळवदाचं, लाईटीचा भरवसा नाही – कसा बसवू?

मांजराकाठचा (ता. औसा):
रामराम मंडळी. तुरीचे पैसे आले आन घरच्यांनी धोशाच लावला की आता टीव्ही घ्याच. जुना डबा टीव्ही होता, त्यात सगळी माणसं हिरवीगार दिसायची, तरी दादा (आमचे वडील) म्हणायचे आवाज येतोय ना, मंग बास. शेवटी अक्षय तृतीयेला लातूरहून ४३ इंची आणला. दुकानदार म्हणला २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आता नाही तर कवा घेणार. छोट्या हत्तीत खोकं उभं ठिवलं आन मी मागं बसून दोन्ही हातानं धरून आणलं, गाव येईस्तोवर खांदे भरून आले.

आता चार दिवस झाले, खोकं बैठकीत तसंच हाय. भिंत हा पहिला घोळ. घर आजोबांच्या काळचं माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत), भिंत दोन-अडीच फुटाची पण आतून दगड आन पांढरी माती, वरून नुसता सिमेंटचा गिलावा. बसवायला पोरगं आलं, त्यानं ड्रिल लावलं तर बिट गपकन आत आन भोकातून मूठभर माती खाली. अर्धा वीत सरकून दुसरं भोक पाडलं तर तिथं दगड, बिटच तापून लाल. पोरगं म्हणलं काका मी काय जबाबदारी घेत नाही, टेबलावर ठेवा, आन सही घेऊन गेलं.

दुसरं म्हणजे लाईट. संध्याकाळी १७० दाखवतंय, रात्री २ वाजता उठून बघितलं तर २५८. स्टॅबिलायझर घ्यावा का? कुणी म्हणतंय लागतच नाही, कुणी म्हणतंय त्याच्याशिवाय चालूच करू नका. आन आई खोक्याला रोज हळदकुंकू लावायली, ते वेगळंच. अनुभव असलेल्यांनी सांगा राव.

परभणीचा_पाहुणा:
टीव्ही भिंतीला टांगायच्या आधी भिंत कशाला टांगलीय ते बघा. टेबलावर ठेवा, विषय कट.

अंबाजोगाईचे_गुरुजी:
पाहुणे चेष्टा करताहेत पण मुद्दा बरोबर आहे. तुम्ही औशाकडचे, तुम्हाला मी काय सांगणार, ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तुमच्याच तालुक्यातली. किल्लारीला आम्ही शिक्षक मंडळी नंतर मदतीला गेलो होतो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं, माळवदाचं ओझं असतं लाकडी खांबांवर, दगडमातीची भिंत हा नुसता आडोसा. कितीतरी ठिकाणी भिंत फुगून बाहेर पडली होती आणि खांब-तुळई जागेवर उभे होते. त्या भिंतीत चार स्क्रू मारून त्यावर ३०-३५ हजारांची वस्तू लटकवायची म्हणजे मातीवर विश्वास टाकायचा. टीव्हीचं वजन काही फार नसतं, ४३ इंची हल्ली ८-९ किलोचा असेल, पण स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती प्लास्टिकची गिट्टी धरायला भोवती काहीतरी घट्ट लागतं. मातीत ती नुसती फिरते. आणि तो हात पुढेमागे होणारा ब्रॅकेट तर अजिबात नको, टीव्ही पुढे ओढला की वरचे दोन स्क्रू भिंतीतून उपटायचा जोर कितीतरी पटीने वाढतो.

तुमच्या बैठकीत भिंतीला लागून खांब आहेत का? असतीलच. दोन खांबांच्या मध्ये १९ मिलीमीटरचा चांगला प्लायवूड आडवा बसवा आणि टीव्हीचा ब्रॅकेट त्या प्लायवूडवर. भिंतीला हातही लावायचा नाही. माझ्या धाकट्या भावाने असंच केलंय, पाच वर्षं झाली. सुताराला पाणसळ लावून बसवायला सांगा, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. माळवदाच्या घरात जमीन, खांब, तुळई सगळं आपापल्या दिशेने कललेलं असतं, त्यामुळे सरळ लावलेला टीव्हीच वाकडा दिसतो आणि मग घरातला प्रत्येक जण येताजाता त्याला सरळ करत बसतो.

मांजराकाठचा:
गुरुजी खांब हायत, सागवानी. पण दादा म्हणतेत माझ्या बापानं उभे केलेल्या खांबाला भोक पाडायचं नाही. बोलणंच खुंटलं.

अंबाजोगाईचे_गुरुजी:
वडिलांचं चुकलं नाही. मग भोक नका पाडू, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीचे चार क्लॅम्प करून घ्या, खांबाला मिठी मारतील असे, आणि आतून जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावा म्हणजे लाकडाला वळ पडणार नाही.

वायरमन_बीडचा:
भिंतीचं झालं, आता लाईटीचं ऐका. २२ वर्षं हेच काम करतोय.

स्टॅबिलायझर घ्यायच्या आधी टीव्हीच्या पाठीवरचं स्टिकर वाचा. आजकालच्या बहुतेक टीव्हीत एसएमपीएस सप्लाय (कमी-जास्त व्होल्टेज स्वतःच सांभाळून घेणारा) असतो आन तिथं १०० ते २४० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे तुमचं संध्याकाळचं १७० त्याला काहीच करत नाही, फ्रीजची मोटार कण्हंल, पंखा हळू होईल, पण टीव्ही आपला चालू राहील. लोक डीम लाईटीला भ्यायलेत, खरा वैरी वरचा आकडा हाय. रात्री मोटारी बंद झाल्या, लोड पडला की व्होल्टेज चढतं. २५८ पोतूर टीव्ही सहसा सोसून घेतो पण रोज रोज तेवढं चढायलं तर आतला कपॅसिटर फुगतो.

आन सगळ्यात बेकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. आमच्या गल्लीत मागच्या जूनला वारावादळात डीपीवरनं येणारा न्यूट्रल सुटला. लोकांना वाटतं न्यूट्रल गेला म्हणजे लाईट जाईल. लाईट जात नाही भौ, उलट जास्त येते! तीन फेजवर वेगवेगळी घरं असतात, न्यूट्रल गेला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या सिरीजमधी येत्यात, ज्याच्या घरात लोड कमी त्याच्याकडं व्होल्टेज जास्त, ३५०-४०० पोतूर. बल्ब पांढरे फटफटीत झाले, एका म्हातारीच्या घरातला पंखा विमानासारखा फिराय लागला, पाच मिनिटांत अर्ध्या गल्लीचे चार्जर, टीव्ही, सेट टॉप बॉक्स गेले. एमसीबी पडला का? नाही. एमसीबी जास्त करंट बघतो, जास्त व्होल्टेज बघत नाही.

मंग काय करायचं, मेन बोर्डात एमसीबीशेजारी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. त्याच्यावर आकडा दिसतो, आपण ठरवलेल्या व्होल्टेजच्या वर गेलं की सप्लाय तोडतो आन नीट झालं की थोडं थांबून परत जोडतो. एका टीव्हीला स्टॅबिलायझर लावण्यापेक्षा अख्ख्या घराला हे परवडतं, फ्रीज, मोबाईल सगळंच वाचतं. फक्त लोकल माल घेऊ नका आन घरच्या लोडएवढा अँपिअरचा घ्या.

अवकाळी पाऊस, ढग वाजाय लागले की रिमोटनं बंद करून उपयोग नाही, बटण दाबून पण नाही. प्लग सॉकेटातून उपटायचा आन डिशची वायर पण काढायची. वीज लाईटीच्या तारेतूनच येती असं नाही, माळवदावर उंच उभी केलेली छत्री आन तिची केबल हा तिच्यासाठी सरळ रस्ता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं दामिनी ॲप हाय, मोबाईलमधी टाकून ठिवा, जवळपास विजा पडायलेत का ते सांगतं, रानात असताना तर लईच कामाचं. पर वीज कडकडाय लागली, केबल राहिली म्हणून पळत जाऊन तिला हात लावू नका. राहिली तर राहिली.

संभाजीनगरी_पोरगा:
वायरमन काका एक शंका. माझ्या टीव्हीच्या प्लगला दोनच पिना आहेत, मग ते अर्थिंग-अर्थिंग जे सगळे करतात त्याचा टीव्हीशी संबंधच काय? रूमवर अर्थिंग नाहीये असं मालक स्वतः सांगतो, हसून.

वायरमन_बीडचा:
चांगलं इचारलं. दोन पिनाचा टीव्ही डबल इन्सुलेटेड (करंट लागू नये म्हणून आतून दुहेरी आवरणाचा) असतो, त्याला स्वतःला अर्थिंग लागत नाही, खरंय. पण तू जो स्पाईक बस्टर लावशील त्याला लागती. त्याच्यातला एमओव्ही नावाचा पार्ट जादाचा झटका फेजकडून न्यूट्रलकडं आन अर्थकडं ढकलतो, अर्थच नसंल तर अर्धं काम बोंबललं. डिशची केबल आन टीव्हीची धातूची कड एकाच वेळी धरून बघितलीस का कधी, बोटाला मुंग्या येत्यात? तो सप्लायमधनं झिरपणारा बारीक करंट, जीव घेत नाही पण बॉक्सचं एचडीएमआय पोर्ट घेऊ शकतो. म्हणून एचडीएमआय लावताना-काढताना दोन्हीकडची लाईट बंद पाहिजे.

आन गाववाल्यांना सांगतो, अर्थिंग एकदा खड्डा करून मीठ-कोळसा घातला की झालं असं नसतं. आपली काळी माती उन्हाळ्यात हात घालता येईल एवढी भेगाळती. मातीच कोरडी झाली तर अर्थिंग कुठं जाणार? मार्च ते जून आठवड्याला एक-दोन बादल्या खड्ड्यात ओतत जा. धुण्याचं पाणी चालतं, प्यायचं वाया घालू नका.

नांदेडची_ताई:
तुम्ही सगळे भिंत आणि लाईटीतच अडकलात, चालू केल्यावर काय करायचं ते कुणी सांगेना. आमच्याकडं दिवाळीत आला तेव्हा पहिले आठ दिवस सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे आणि मालिकेतल्या बायकांच्या गालावर रंगपंचमी खेळल्यासारखं. नंतर भाच्यानं बघितलं तर पहिल्यांदा चालू करताना 'होम' का 'स्टोअर' असं विचारतं तिथं आमच्या ह्यांनी बिनधास्त स्टोअर दाबलेलं. स्टोअर म्हणजे दुकानात मांडायचा मोड, सगळं भडक, आणि तुम्ही कितीही कमी करा थोड्या वेळानं परत मूळपदावर. ते आधी होम करा.

मग पिक्चर मोडमध्ये विविड असेल ते काढून स्टँडर्ड नाहीतर सिनेमा. सिनेमा लावलं की पहिल्या दिवशी पिवळट वाटतं, घरचे बोंब मारतात, दोन दिवस कळ काढा, मग जुनंच कसंतरी वाटायला लागतं. शार्पनेस खाली आणा, जास्त ठेवलं तर माणसाच्या कडेनं पांढरी रेघ येते. बॅकलाईट आणि ब्राईटनेस असं दोन्ही दिसत असेल तर त्या दोन वेगळ्या गोष्टी, उजेड कमी-जास्त करायचा तर बॅकलाईट, ब्राईटनेसनं नुसता काळा रंग राखाडी होतो. आणि सिनेमा बघताना सगळं मालिकेसारखं गुळगुळीत पळतंय असं वाटलं तर मोशन का काहीतरी नावाचं असतं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, ते बंद करा. मॅचला पाहिजे तर चालू ठेवा.

जुनं फुकटवालं डीडी फ्री डिश असेल तर तक्रार करू नका की चित्र धुरकट. तीन रंगांच्या पिनांनी जोडलेला जुना बॉक्स आणि ४३ इंची पडदा, तो बिचारा तेवढंच चित्र ओढून ताणून दाखवणार. बॉक्सला एचडीएमआय असेल तर त्यानं जोडा. माणसं बुटकी-जाडी दिसत असतील तर चित्राचा आकार ४:३ करा, कडेला काळे पट्टे येतील, येऊ द्या. आमच्या सासूबाई म्हणतात एवढे पैसे दिले आणि अर्धा टीव्ही काळाच. त्यांना पूर्ण पडदा भरलेलाच पाहिजे, मग त्यात नट कितीही जाडा होवो.

हळदकुंकवाचं म्हणाल तर काका आत्ताच आवरा. आमच्याकडं लक्ष्मीपूजनाला ह्यांनी टीव्हीच्या समोर नारळ फोडला. समोर म्हणजे अगदी पुढ्यात. पाण्याचे शिंतोडे खालच्या पट्टीवर, कडेनं आत, आणि वर ओल्या कुंकवाचं बोट. पुसायला घेतलं तर कुंकू अजूनच पसरलं. खालच्या कोपऱ्यात बोटभर डाग आतल्या बाजूनं अजून आहे, बातम्यांची पट्टी नेमकी त्याच्यावरून जाते.

उदगीर_रिपेरिंग:
ताई तुमचा डाग आता जात नसतो, पाणी कडेनं पॅनलच्या आत ओढलं गेलंय. माझ्या दुकानात महिन्याला असले दोन तरी येतात, फवारा मारून पुसलेले. काचेचा निळा स्प्रे, सॅनिटायझर, रॉकेल (हो, रॉकेल), पेपरचा बोळा, लुगड्याचा पदर, सगळं बघितलंय. पडदा काचेचा नसतो हो, वरचा थर प्लास्टिकचा हाय, त्याच्यावरची कोटिंग एकदा निघाली की निघाली. टीव्ही बंद करून थंड होऊ द्यायचा, चष्म्याला असतो तसला मऊ मायक्रोफायबरचा कपडा, कोरडा, हलक्या हातानं. धूळ हाय तर आधी झटकायची, घासायची नाही, आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळू. बोटाचे तेलकट डाग गेले नाहीत तर कपडा थोडासाच ओला करायचा, पाणी कपड्यावर, पडद्यावर नाही. आन बोअरचं पाणी नको. आपल्या क्षाराच्या पाण्यानं पडद्यावर पांढरे ठिपके वाळतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घरात असतंय, तेच चार थेंब घ्या. कॅनवर नाव बघून घ्या मात्र, ॲसिडचा कॅन घेऊन याल.

कुलर. हा मुद्दा कुणीच काढला नाही आन मराठवाड्यात सगळ्यात जास्त टीव्ही यानंच जातात असं माझं मत. मे महिना, दार बंद, समोर कुलर आन त्याच्या बरोबर समोर टीव्ही, कारण सगळ्यांना कुलरसमोर बसून टीव्ही बघायचा असतो. कुलरचे ते बारीक तुषार आन त्यातला क्षार पाठीमागच्या जाळीतून आत जातात, बोर्डावर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं होतं, पार्टांचे पाय गंजतात. खोलला की मला वासावरूनच कळतं कुलरसमोरचा हाय. कुलर बाजूच्या भिंतीला घ्या, वारा टीव्हीच्या अंगावर नको. पत्र्याचं घर असंल तर आणखी अवघड. बऱ्याच टीव्हीच्या पुस्तकात ४० डिग्री पोतूरच चालवा असं लिहिलेलं असतं आन आपल्याकडं परभणीत बाहेरच ४३-४४, पत्र्याखाली किती असंल तुम्हीच बघा. दुपारी १ ते ४ बंद ठेवला तर तुमचं काय जात नाही. मागं भिंतीपासून दोन-तीन बोटं जागा पाहिजे, चालू टीव्हीवर ते विणलेलं कव्हर घालू नका.

आवाज येतो पण चित्र नाही असं झालं तर टीव्ही मेला म्हणून भंगारात देऊ नका. अंधार करून मोबाईलची बॅटरी पडद्याला तिरकी लावून बघा, आत फिकट चित्र हललं तर पॅनल चांगलाय, फक्त मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात. त्या बदलता येतात. हेच काम सगळ्यात जास्त येतं आन कारण एकच, बॅकलाईट कायम १०० वर. ६०-७० वर ठेवला तर पट्ट्या लई दिवस टिकतात, लाईट बिल पण कमी. पॅनल फुटला तर मात्र हात जोडायचे, खर्च नव्याच्या जवळ जातो आन फुटका पॅनल वॉरंटीत बसत नाही.

आन प्लायवूडवर बसवताना सुताराला स्क्रूची लांबी स्वतः ठरवू देऊ नका. मागं चार भोकं असतात, ४३ इंचीला बऱ्याचदा २०० बाय २०० मिलीमीटरची, पुस्तकात जेवढा लांब बोल्ट सांगितलाय तेवढाच. मागच्या महिन्यात एकानं लांब बोल्ट पाना लावून आवळला, बोल्ट आतून पॅनलला टेकला, पुढून चंद्रकोर उमटली.

परभणीचा_पाहुणा:
बाहेरच ४४ म्हणून आमचं नाव घेतलं, बाकी कशात कुणी परभणीचं नाव घेत नाही. आभारी आहे.

मांजराकाठचा:
उदगीरवाले भाऊ, तुम्ही लिहिलं तसाच समोर कुलर ठेवायचं ठरलं होतं आमचं! वाचून दाखवलं घरात. आता कुलर खिडकीला.

अजून एक. घरात वायफाय नाही, मोबाईलचा हॉटस्पॉट लावून चालंल का? पोरगी म्हणती युट्यूबवर अभ्यासाचं बघायचंय, मला माहितीय कशाचा अभ्यास ते.

संभाजीनगरी_पोरगा:
चालेल पण डेटा बघा. फुल एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातो, फोर-के लावलं तर ७ च्या आसपास. रोजच्या २ जीबीवाल्या प्लॅनमध्ये मॅचची पहिली इनिंग पण संपणार नाही, नेमकं शेवटच्या ओव्हरला गोल गोल फिरत बसेल. युट्यूबची क्वालिटी ४८० नाहीतर ७२० वर ठेवा, अभ्यासाला तेवढी पुरते. आणि पुढं वायफाय घेतलंच तर तुमच्या अडीच फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झवालं पलीकडच्या खोलीत जाणार नाही, २.४ वालं लावा किंवा राउटर बैठकीतच ठेवा.

पहिल्या दिवशी नेट लागलं की सॉफ्टवेअर अपडेट मागेल, ते होऊ द्या आणि मध्येच लाईट जाणार नाही अशा वेळेला करा. अपडेट चालू असताना लाईट गेली तर काही टीव्ही लोगोवरच अडकतात, माझ्या मित्राचा अडकला होता. इन्व्हर्टर असेल तर त्यावर करा, पण स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर टीव्हीतून घूं असा आवाज येऊ शकतो, साईन वेव्ह असेल तर प्रश्न नाही. आणि फुकट पिक्चर दाखवणारं ॲप कुणी पेन ड्राईव्हमधून टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, त्याच टीव्हीत तुमचा जीमेल चालू असतो.

माझा ओएलईडी आहे, म्हणजे मागे बॅकलाईट नसतो, पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो (सेकंडहँड, लगेच जळू नका), त्याची गोष्ट वेगळी. तो रोज बंद केल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःची थोडी दुरुस्ती करतो म्हणून लगेच प्लग काढायचा नसतो, आणि बातम्यांचं चॅनल दिवसभर लावलं तर त्या पट्टीचा डाग कायमचा बसू शकतो. आधीचा मालक कोणतं चॅनल बघायचा ते मला आता पाठ झालंय. तुमच्या एलईडीला ती भानगड नाही, रात्री बटण बंद करा खुशाल.

आखाड्यावरचा (हिंगोली):
पाली आन उंदरांचं कुणी बोललं नाही. टीव्हीची पाठ रात्री उबदार असती, पाल जाळीतून आत जाती आन सप्लायच्या बोर्डावर आडवी पडती. ती बी जाती आन बोर्ड बी. माझा पहिला टीव्ही तसाच गेला, खोलला तर पाल वाळून पापड झालेली. आता रात्री थंड झाला की पातळ सुती पिशवी घालतो, सकाळी काढतो. शेजाऱ्यानं मागं डांबरगोळ्या बांधल्या होत्या, पाल आलीच पण गोळी जिथं चिकटली तिथलं प्लास्टिक मऊ पडून पोचा आला. खोकं आन थर्माकोल फेकायचं नाही, पण माळ्यावर ठेवलं तर त्यात उंदीर इतात, आम्ही खोकं मोडून सपाट करून गादीखाली घातलंय.

अंबाजोगाईचे_गुरुजी:
उंचीचं राहिलंच. बसवणारे सवयीने पाच फुटांवर लावून मोकळे होतात, देवाच्या फोटोसारखं. तुमच्याकडे जेवताना सगळे खाली सतरंजीवर बसणार, वडील दिवाणावर. खाली मांडी घालून बसलेल्याचा डोळा जमिनीपासून अडीच फुटांवर असतो, दिवाणावरच्याचा साडेतीन फुटांवर. पडद्याचा मध्य तीन फुटांवर आणा, दोघांचंही भागेल. अंतर पाच-सहा फूट पुरे, ४३ इंचीला त्याहून लांब बसलात तर मोठा घेऊन काय उपयोग. आणि खिडकीच्या समोर नको, दुपारी पडद्यात स्वतःचंच तोंड बघत बसाल.

मांजराकाठचा:
मंडळी, १७ दिवसांनी लिहायलो, माफी असावी, मधी सोयरीक होती घरात.

टीव्ही बसला. वेल्डिंगवाल्यानं चार क्लॅम्प करून दिले, ट्यूबचे तुकडे लावले, प्लायवूडला मागून दोन इंच जागा सोडली. दादा दोन्ही खांबांना हात लावून बघत होते पट्टी आवळताना, कुठं करकरतंय का. सुतारानं गुरुजींनी सांगितली तशी पाणसळ लावली आन खरंच की, टीव्ही सरळ आन घर वाकडं दिसायलंय. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो जरा डावीकडून उचला.

पहिल्यांदा चालू करताना होमच दाबलं, ताई. सिनेमा मोडला आई म्हणली ह्याला कावीळ झाली का. आता सवय झाली. हळदकुंकू आता प्लायवूडला लावती, पडद्याला नाही, ही तडजोड. नारळ ओट्यावर फोडला.

प्रोटेक्टर पण बसवला, तालुक्याहून वायरमन आणून. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं तर भसाभस दोन घागरी पिऊन गेला, किती वर्षाचा तहानलेला कोण जाणे. परवा रात्री ११ वाजता मालिका चालू असताना एकदम घरात अंधार. बाहेर बघितलं तर सगळ्या गावात लाईट. दादा चिडले, गावात लाईट आन आपल्याच घरात नाही, हे काय पैसे देऊन इकत आणलंस. बोर्डापाशी गेलो तर आकडा २७४. पाच-सात मिनिटांनी खाली आला, खट झालं, लाईट आली. सकाळी कळलं शेजाऱ्याच्या मिक्सरशेजारचा चार्जर काळा पडला.

तवापासनं दादा टीव्ही कमी आन तो लाल आकडा जास्त बघतेत. खुर्ची बोर्डासमोर घेतलीय. आम्ही मालिका बघायलो की मधीच मोठ्यानं, २३१... २३४... आता बघा, मोटारी बंद झाल्या वाटतं, २४२. शेजारीपाजारी इचारायला येतेत, अण्णा आता किती हाय, मिक्सर लावू का?

नांदेडची_ताई:
हसून हसून पुरेवाट. आईला सांगा कावीळ आठ दिवसांत जाते.

परभणीचा_पाहुणा:
मग टीव्ही कशाला घेतला, नुसता आकडा टांगायचा होता खांबाला.

वायरमन_बीडचा:
पाहुणे, आकडा टांगा असं उघड लिहू नका हो. लाईनमन पण वाचतात इथं.